बाळंतपणाची तयारी आणि ओढ्याचं पाणी



सोयाबीन शेंगा भरतंय, पाऊस बरा आहे, फवारणीचं पुढच्या नोंदीत लिहितो. गेले पाच आठवडे पेजवर काही टाकलं नाही म्हणून बऱ्याच जणांनी फोन करून विचारलं. थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला आली होती. आता माय-लेकरू दोघं बरी आहेत. या काळात जे बघितलं आणि सिस्टरांना, डॉक्टरांना विचारून घेतलं, ते मी खताच्या वहीतच मागच्या पानांवर लिहून ठेवलं होतं. ते आज इथं मांडतो.

हा बायकांचा विषय, गड्यानं कशाला लिहायचा, असं कुणी म्हणेल. पण गावात गाडी गड्याकडं असते, पैसे गड्याकडं असतात आणि "चला, निघू" हे पण बहुतेक घरात गडीच म्हणतो. म्हणून ही नोंद गड्यांनी आधी वाचावी.

गाय गाभण राहिली की आपण तारीख लिहून ठेवतो. साधारण २८० दिवस धरतो, म्हशीला ३१० च्या आसपास. शेवटच्या महिन्यात गोठ्यात कोरडी जागा करतो, डॉक्टरांचा नंबर काढून ठेवतो, वार पडली नाही तर काय करायचं ते विचारून ठेवतो. बाईचे दिवसही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० च धरतात. पाळीच्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवायचे, की अंदाजे तारीख येते. पण घरात तयारी म्हणजे काय, तर डोहाळजेवण, ओटी, डिंकाचे लाडू आणि जुन्या धोतराची दुपटी. हे सगळं करावं, हौस असतेच. आमच्यातही झालं. पण अडचणीची तयारी कुणी बोलून दाखवत नाही. चांगल्या कामात अभद्र कशाला बोला, असं म्हणतात.

आमच्या घरात मात्र ते बोलावं लागतं. त्याचं कारण सांगतो.

१९८६ साली मी दहावीला होतो. माझी मोठी बहीण, आम्ही तिला आक्का म्हणायचो, दुसऱ्या बाळंतपणाला वस्तीवर आली होती. सुईण हाताशी होती. पोरगा झाला, रडला, सगळं नीट झालं. वार पडली, पण रक्त थांबेना. आई म्हणाली दवाखान्यात न्यायला पाहिजे. पण बापू बाजाराला गेले होते आणि आक्काच्या सासरचं कुणी जवळ नव्हतं. गडी माणूस आल्याशिवाय कसं न्यायचं, यात दोन तास गेले. मग बैलगाडी जुंपली. ओढ्याला पाणी होतं, वळसा घालून गेलो. दवाखान्यात पोचलो तेव्हा आक्का बोलत होती. तिथं रक्त नव्हतं, पुढं न्या म्हणाले. पुढं न्यायची वेळ आलीच नाही. तो पोरगा आज अडतीस-एकोणचाळीस वर्षांचा आहे. आईचा फोटोसुद्धा नाही त्याच्याकडं.

पुष्कळ वर्षांनी आरोग्य केंद्रातल्या एका सिस्टरांकडून मला कळलं की या प्रकाराचा जगात अभ्यास झालेला आहे. १९९४ साली सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोघींनी मांडलं की बाळंतीण दगावण्यामागं तीन उशीर असतात. पहिला, दवाखान्यात न्यायचं हे ठरवण्यात. दुसरा, तिथं पोचण्यात. तिसरा, पोचल्यावर उपचार मिळण्यात. मी ऐकलं आणि गप्पच बसलो. आमच्या आक्काला तिन्ही उशीर एकाच दुपारी लागले होते.

रक्त का थांबत नाही, तेही सिस्टरांनी समजावलं. वार जिथून सुटते तिथं रक्तवाहिन्या उघड्या राहतात. गर्भपिशवी घट्ट आवळली की त्या चिमटल्या जातात आणि रक्त बंद होतं. पिशवी सैल राहिली तर नळ उघडा राहिल्यासारखं वाहतं. अर्ध्या लिटरच्या वर रक्त गेलं की धोका धरतात, आणि उपचार मिळाला नाही तर दोन तासांत जीव जाऊ शकतो. आता दवाखान्यात मूल बाहेर आलं की लगेच प्रत्येक बाईला पिशवी आवळायचं इंजेक्शन देतात. कुणाची पिशवी सैल राहील हे आधी सांगता येत नाही, म्हणून सगळ्यांनाच देतात. "पहिलं घरी सुखरूप झालं, मग दुसरं पण होईल" हा हिशोब यामुळंच चालत नाही. आक्काचं पहिलं घरीच सुखरूप झालं होतं.

आता चांगलं पण सांगतो. आपल्या महाराष्ट्रात २००४-०६ च्या सरकारी नोंदीत दर १ लाख जिवंत जन्मांमागं १३० माता दगावत होत्या. २०१८-२० च्या नोंदीत तो आकडा ३३ वर आला. दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, १०८ ची गाडी आली, गावोगावी आशाताई आल्या, त्याचा हा फरक आहे. पण दवाखाना असून उपयोग नाही, घरातून पाय वेळेवर निघाला पाहिजे. तो घरातला भाग आपल्यालाच करायचा असतो.

आम्ही काय केलं ते क्रमानं सांगतो.

लेक सातव्या महिन्यात माहेरी आली. आपल्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे, पण त्यात एक गोम आहे. तिची नोंदणी, तपासण्या, सगळं सासरच्या आरोग्य केंद्रात झालेलं असतं. माहेरच्या आशाताईला ती पोरगी माहीतच नसते. म्हणून आल्या आल्या दुसऱ्या दिवशी आमच्या आशाताईला घरी बोलावलं. माता बाल संरक्षण कार्ड दाखवलं, इथं नाव लावून घेतलं. कमीत कमी चार तपासण्या व्हायला पाहिजेत आणि पहिली नोंदणी १२ आठवड्यांच्या आत. तिच्या दोन सासरी झाल्या होत्या, पुढच्या इथं झाल्या. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, तो दिवस कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवला.

रक्त ९.२ होतं. ११ च्या खाली म्हणजे कमीच. लोहाच्या गोळ्या चालू होत्या, पण ती चहाबरोबर घ्यायची. चहानं लोह अंगी लागत नाही आणि कॅल्शियमची गोळी पण त्याच वेळी घेऊ नये, दोन्हींत काही तास अंतर ठेवावं, हे सिस्टरांनी सांगितलं. गोळ्यांनी शौचाला काळं होतं म्हणून पुष्कळ बायका त्या बंद करतात. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. दोन महिन्यांत रक्त १०.६ वर आलं.

रक्तगट बी निगेटिव्ह निघाला. जावईबापूंचा पॉझिटिव्ह. अशा बाईला २८ व्या आठवड्याच्या सुमारास एक इंजेक्शन देतात आणि मूल पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत परत एक. ते पुढच्या बाळंतपणातल्या मुलाला जपण्यासाठी असतं. पण बी निगेटिव्ह रक्त लागलंच तर ते ऐनवेळी कुठून आणायचं? आठ दिवस विचारत फिरलो. शेजारच्या गावचे झेडपीचे एक गुरुजी निघाले आणि तालुक्यातल्या कृषी सेवा केंद्रातला एक पोरगा. दोघं आनंदानं तयार झाले. एक लक्षात ठेवा, दात्याचं रक्त काढलं आणि लगेच चढवलं असं होत नाही, ते तपासावं लागतं, त्यात वेळ जातो. म्हणून दवाखान्यात आणि रक्तपेढीत आधी कळवून ठेवावं.

मग वाट. आमची वस्ती गावापासून अडीच किलोमीटर, मध्ये काळ्या रानाचा रस्ता आणि तोच ओढा. आता पूल झालाय, पण तो नळ्यांचा, ठेंगणा. जोराचा पाऊस झाला की चार-पाच तास वाट बंद. आरोग्य केंद्र ९ किलोमीटर, ऑपरेशन होणारं सरकारी रुग्णालय ३४ किलोमीटर. मी आणि पुतण्या एका रात्री साडेबाराला मुद्दाम गाडी घेऊन गेलो. एक तास दहा मिनिटं लागली. तिथल्या सिस्टरांना विचारलं, रात्री सिझर होतं का, भूल देणारे डॉक्टर असतात का, रक्त इथं मिळतं का. आधी त्या हसल्या, "पेशंट कुठंय काका?" म्हणाल्या. मग नीट बसवून सगळं सांगितलं. मंडळी, हे तीन प्रश्न विचाराच. इमारत मोठी आहे म्हणजे तिथं रात्री ऑपरेशन होतंच असं नाही, आणि ते रात्री दोन वाजता दारात उभं राहून कळण्यात काही अर्थ नाही.

ओढ्याचा प्रश्न एकाच पद्धतीनं सुटत होता. आठवा संपायच्या आतच लेकीला गावठाणातल्या धाकट्या भावाच्या घरी ठेवलं. कारभारीण पण तिकडंच गेली. दीड महिना मी आणि आई वस्तीवर, भाकरी आईच्या हातच्या. लोक म्हणाले, स्वतःचं घर असून लेकीला दुसऱ्याच्या घरी ठेवलं. म्हणू दे. गडचिरोली, नंदुरबारसारख्या आदिवासी भागात सरकारनं आरोग्य केंद्राजवळ माहेरघर म्हणून सोय केलेली आहे. दुर्गम पाड्यावरची बाई दिवस भरत आले की तिथं येऊन राहते. आमच्याकडं तशी सोय नाही, मग भावाचं घर हेच माहेरघर समजलो.

पिशवी भरून दाराच्या खुंटीला. त्यात कार्ड, सोनोग्राफी आणि रक्ताचे कागद, आधार, बँकेचं पासबुक, दोन गाऊन, पॅड, धुऊन उन्हात वाळवलेली सुती दुपटी, बाळाचं टोपडं, मोबाईलचा चार्जर. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि जायची-यायची गाडी हे २०११ पासून मोफत आहे. तरी पंधरा हजार रोख वेगळे काढून कारभारणीकडं दिले. माझ्याकडं नाही ठेवले. मी रानात असलो, मोटारीवर असलो, फोन लागला नाही, तर ते पैसे कपाटात असून नसल्यासारखेच.

आता सगळ्यात अवघड काम. पाव्हण्यांना जेवायला बोलावलं. विहीणबाई, व्याही, जावईबापू, आम्ही सगळे बसलो. मी म्हणलं, "पाव्हणं, एक ठरवून घेऊ. काही कमीजास्त वाटलं तर न्यायचं का नाही हे पोरगी आणि तिची आई ठरवतील. तुम्हाला फोन येईल, पण तो कळवायला येईल. विचारायला येणार नाही. सिझर करायचं म्हणाले तर सही कारभारीण करेल." व्याही जरा गप्प झाले. आमच्या घरात विचारल्याशिवाय असं होत नाही, म्हणाले. त्यावर विहीणबाई बोलल्या. त्यांच्या जावेचं असंच झालं होतं, सगळे शेतातून यायची वाट बघत बसले होते. त्या म्हणाल्या, "इहीणबाई ठरवतील तसं. मी इथं बसून काय बघणार हाय?" विषय तिथंच मिटला. जावईबापूंनी लेकीला सांगितलं, "तू आधी गाडीत बस, मग फोन कर."

कुठल्या खुणा दिसल्या की निघायचं, ते आशाताईनं कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद भिंतीवर चिकटवला:

अंगावरून रक्त जाणं, थोडंसुद्धा.
डोकं खूप दुखणं, डोळ्यापुढं अंधारी किंवा चमकल्यासारखं दिसणं.
तोंडावर, हातावर सूज. झटके.
पोटात वर, बरगडीखाली दुखणं.
बाळाची हालचाल कमी होणं.
कळा नसताना पाणी जाणं.
ताप, धाप लागणं.

यातलं एक जरी दिसलं तरी घरगुती उपाय करत बसायचं नाही.

श्रावणात, ३६ व्या आठवड्यात, एका सकाळी लेक म्हणाली, "आई, डोकं ठणकतंय आणि नीट दिसंना झालंय." आदल्या दिवशी बांगडी घट्ट झाल्याचं बोलली होती. कारभारणीनं कागदाकडं बघितलं आणि १०८ ला फोन लावला. मला नंतर केला. मी वस्तीवर होतो, आणि रात्रीच्या पावसानं ओढ्याला पाणी होतं. मी अलीकडं, ती पलीकडं. मी पोचेपर्यंत थांबायचं ठरलं असतं तर दुपार झाली असती. फोनवर ती एवढंच म्हणाली, "आम्ही निघालो. तुम्ही पाणी उतरल्यावर या. घाई करून ओढ्यात उतरू नका."

आरोग्य केंद्रात रक्तदाब १६०/११० निघाला. १४०/९० च्या वर गेला की जास्त धरतात, हा फारच होता. लघवीत प्रथिनं सापडली. सिस्टरांनी झटके येऊ नयेत म्हणून दोन्ही खुब्यांवर इंजेक्शनं दिली, दाब उतरायचं औषध दिलं आणि त्याच गाडीनं पुढं पाठवलं. पुढच्या दवाखान्याला फोन करून ठेवला. या आजारात झटके आले तर आई आणि मूल दोघांनाही धोका असतो, आणि मूल बाहेर काढणं हाच खरा उपाय असतो. संध्याकाळी सिझर झालं. तोवर गुरुजी येऊन बसले होते, कृषी केंद्राचा पोरगा वाटेत होता. रक्त लागलं नाही. मी साडेतीनला पोचलो होतो, चिखलानं भरलेला. करायला काही उरलं नव्हतं, नुसता बाकड्यावर बसलो.

मुलगी झाली. २ किलो १५० ग्रॅम. चार दिवस लहान बाळांच्या कक्षात ठेवली. कारभारीण चीक काढून चमच्यानं पाजायला नेत होती. वासराला पहिला चीक आपण कधी चुकवत नाही, लेकराला पण चुकवू नये.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. बाळंतपण झालं म्हणजे धोका संपला असं नाही. पहिले दोन दिवस जास्त जपायचे असतात. दाब नंतरही वाढतो, झटके नंतरही येऊ शकतात. लेकीला घरी आल्यावरही दाबाच्या गोळ्या होत्या आणि आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी बाळाला आणि आईला बघतात. त्यातला ४२ वा दिवस पुढच्या आठवड्यात आहे.

आता शेवटचं. दिवाळीनंतर आमच्या भागात बीड, जालन्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोपीत राहणाऱ्या एखाद्या पोरीला सातवा-आठवा लागलेला असतो आणि ती पहाटे मोळ्या उचलते. मी माझ्या लेकीसाठी जे दीड महिन्यात जुळवलं, त्यातलं तिच्याकडं काहीच नसतं. इथली आशाताई तिला ओळखत नाही, वाट तिला माहीत नाही, रक्त देणारं ओळखीचं कुणी नाही. "चला" म्हणायला मुकादमाची परवानगी लागते. या हंगामात आमच्या गटातल्या चार शेतकऱ्यांनी ठरवलंय, ज्याच्या फडात टोळी उतरेल त्यानं पहिल्याच दिवशी मुकादमाला विचारायचं, कुणी पोटुशी आहे का. कार्ड आणलंय का बघायचं, आशाताईला कोपीवर घेऊन जायचं, १०८ ला सांगता येईल असा फडाचा पत्ता एका पुठ्ठ्यावर लिहून कोपीला टांगायचा. याला खर्च काहीच नाही.

तुमच्या फडात टोळी येत असेल तर तुम्हीही एवढं करा. आणि तुमच्या भागात रात्री सिझर कुठं होतं, ओढ्याला पाणी आलं तर कुठल्या वाटेनं निघायचं, हे आज रात्री जेवताना घरात एकदा बोलून घ्या. गडी घरी नसेल तर कोण निघणार, तेही.

पुढची नोंद सोयाबीनच्या तांबेऱ्यावर.